आई दोन वर्षं वेगळी का राहिली

माझ्या बायकोने माझ्या आईला घराबाहेर काढलं नव्हतं.

हे वाक्य मी चाळीसेक वर्षांपूर्वी एका सरकारी टेबलासमोर म्हणायला हवं होतं. तिथे मी नेमकं उलट बोललो, तेही एकाच अक्षरात. त्या अक्षराने आमच्या डोक्यावरचं छप्पर वाचलं आणि बायकोचं नाव गेलं. छप्पर अजून शाबूत आहे. गळतही नाही. म्हणून त्याच्याखाली बसून आता हे लिहितो आहे.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मी बांधकाम खात्यात नकाशे काढायचो आणि सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. आम्ही दोघं, दोन मुली आणि आई. क्वार्टर निवृत्तीनंतर सोडावं लागणार होतं, म्हणून शहराच्या दक्षिणेला एका नव्या ले-आउटमध्ये हप्त्याने प्लॉट घेतला होता. त्यावर बांधायच्या घराचे नकाशे मी इतक्यांदा काढले होते, की मुली घर-घर खेळतानासुद्धा "पायऱ्या इकडून नाही, तिकडून" असं एकमेकींना सांगायच्या. नकाशे होते, पैसे नव्हते.

पैसे होते ते नागपूरच्या जुन्या महाल भागात, विटांच्या रूपात. वडिलांनी फार पूर्वी तिथे एक छोटं घर घेतलं होतं. खाली दोन खोल्या, वर दोन, रस्त्यावर एक लाकडी गॅलरी, मागे विहीर. स्वतः वडील रेल्वेच्या नोकरीत गावोगाव फिरले, त्या घरात एक दिवसही राहिले नाहीत. ते कायम भाड्याने. वडील गेल्यावर घर माझ्या नावावर झालं आणि त्याबरोबर उमरेडचा एक मास्तर भाडेकरू म्हणून मिळाला. वीस वर्षं राहिलेला हा माणूस निवृत्त झाला आणि एका सकाळी माझ्याकडे किल्ली घेऊन आला. सोबत भिवापुरी मिरचीची पिशवी. "घर खाली केलं. झाडून घेतलं आहे," म्हणाला. घर सोडायची पगडी मागितली नाही, कोर्टात जायचं बोलला नाही. नागपुरात असा भाडेकरू झाला हे मी ऑफिसात सांगितलं, तेव्हा दोघांनी मला चहा पाजला आणि एकाने विचारलं, "तब्येत ठीक आहे ना त्याची?"

रिकामं घर म्हणजे चांगली किंमत. मी आनंदाने सीताबर्डीला एका कर-सल्लागाराकडे गेलो. त्याला सगळे वकीलसाहेब म्हणत. आईला बर्डीवर लोकर घ्यायची होती म्हणून तीही बरोबर.

"घर कोणाच्या नावावर?" वकीलसाहेबांनी सुपारी कातरत विचारलं.

"माझ्या."

"राहायचं कोण?"

"भाडेकरू."

"कायम?"

"कायम."

अडकित्ता थांबला. आजारी माणसाच्या नातेवाइकाकडे पाहावं तसं ते माझ्याकडे पाहू लागले. मग त्यांनी समजावलं. घर विकून जो नफा होतो त्याला भांडवली नफा म्हणतात. वडिलांनी घर कितीला घेतलं ते धरा, किंवा सरकारने ठरवलेल्या एका जुन्या तारखेला त्याची जी किंमत होती ती धरा, जे तुम्हाला सोयीचं ते. दुरुस्तीचा, विहिरीचा खर्च त्यात मिळवा. विक्रीच्या किमतीतून ते सगळं वजा करा. उरला तो नफा. त्यातून थोडी वजावट मिळते, बाकीचा तुमच्या पगारात मिळवायचा आणि एकूण रकमेवर कर.

मी तिथेच आकडेमोड केली. माझ्या नकाशातला वरचा स्लॅब सरळ सरकारजमा होत होता. खाली भिंती उरत होत्या आणि वर आकाश.

"यातून सुटका?"

"आहे. तुम्ही स्वतः किंवा तुमचे आईवडील विकण्याआधीची दोन वर्षं मुख्यतः त्या घरात राहत असाल, आणि नंतर मुदतीत तुम्ही स्वतःसाठी घर बांधलंत, तर तेवढ्या नफ्याला हात लागत नाही. पण तुमच्याकडे तर भाडेकरू."

इतका वेळ लोकरीचा रंग खिडकीतल्या उजेडात पाहत बसलेल्या आईने मान वर केली. ती सावनेरकडची. वडिलांबरोबर गावोगाव आणि मग शहरात इतकी वर्षं काढली तरी बोली सोडली नव्हती.

"भाडेकरू राह्यला तर चालत नाही?"

"नाही, माई."

"अन् मी असन तर चालते?"

"चालतं. पण दोन वर्षं." वकीलसाहेब माझ्याकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तसं प्रत्यक्ष राहायलाच पाहिजे असं नाही. रेशनकार्डावर पत्ता बदलून घ्या. माईंचं नाव तिकडे टाका."

"कार्डावर राहू?" आई म्हणाली. "मी का साखर आहे?"

वकीलसाहेबांना सुपारी लागली. पाणी पिऊन ते शांत झाले तोवर आईने ठरवून टाकलं होतं. खोटं लिहायचं नाही. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं, राहून दाखवायचं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. आधी तिला वाटलं मी थट्टा करतो आहे. मग ती आईकडे पाहून म्हणाली, "एकट्या? चूल वेगळी?"

"काहून? मले चूल पेटवता येत नाही का वं?" आई म्हणाली.

पुढच्या आठवड्यात एक सायकलरिक्षा भरून सामान गेलं. स्टोव्ह, पाटा-वरवंटा, ट्रंक, रेडिओ. रिक्षाच्या वर गादी आणि गादीवर आई. चौकातून वळताना तिने मागे वळून हात हलवला. त्रेसष्ट वर्षांची बाई निघाली होती राहायला, पण जत्रेला निघाल्यासारखी दिसत होती.

इथवर सगळं छान होतं. घोळ माझ्यामुळे झाला.

कायद्यातला "मुख्यतः" हा शब्द माझ्या डोक्यात बसला. किती राहिलं म्हणजे मुख्यतः? एक महिना बाहेर राहिलं तर? दुपारचं जेवण मुलाकडे केलं तर? नकाशे काढणाऱ्या माणसाला अंदाजपंचे काही सहन होत नाही. मी ड्रॉइंगच्या कागदावर नियमांचा तक्ताच तयार केला आणि दोघींना वाचून दाखवला. आईने क्वार्टरमध्ये मुक्काम करायचा नाही, सणालाही नाही. बायकोने महालात डबा पाठवायचा नाही, नाहीतर अधिकारी म्हणतील की बाई जेवते मुलाकडे. बायकोने तिथे उगाच फिरकायचं नाही, म्हणजे स्वतंत्र बिऱ्हाड स्पष्ट दिसेल. आणि कोणी विचारलं तर कराचं नाव काढायचं नाही, नाहीतर हा सगळा बनाव वाटेल.

"मग सांगायचं काय?" बायकोने विचारलं.

"काहीच नाही," मी म्हणालो. मला ते फार हुशारीचं वाटलं होतं.

आई तिकडे फुलली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या एकटीच्या घराची किल्ली तिच्या कमरेला होती. पहिल्या महिन्यात तिने गॅलरीला गुलाबी रंग दिला. मी म्हणालो, "आई, विकायचं आहे ते घर. गिऱ्हाईक पळेल." ती म्हणाली, "गिऱ्हाईक येईन तेव्हा येईन. आता मी राहून राहिली ना." दुपारी गल्लीतल्या बायकांचा पत्त्यांचा डाव तिच्या ओसरीवर रंगू लागला. थंडीत ढीगभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडून पुडाच्या वड्या व्हायच्या आणि वास कोपऱ्यावरच्या सायकल दुकानापर्यंत जायचा. पत्त्यांत ती सर्रास लबाडी करायची. खोटं लिहायला तयार नसलेली माझी आई इस्पिकची राणी पदराखाली लपवायची, हे मला समोरच्या शिवणवाल्या बाईने सांगितलं.

ही शिवणवाली बाई महत्त्वाची. आईच्या समोरच तिचं घर, दारात शिलाई मशीन, आणि गल्लीत कोण आलं कोण गेलं याची तिला मशीन न थांबवता खबर. तिने हिशेब लावला. म्हातारी एकटी. मुलगा शहरातच, चांगल्या नोकरीत. सून कधी दिसत नाही. डबा येत नाही. दिवाळीला म्हातारी सकाळी जाते आणि दिवे लागायच्या आत रिक्षाने परत येते. विचारलं तर मुलगा इकडेतिकडे पाहतो. तिच्या जागी मी असतो तर माझंही उत्तर तेच आलं असतं. सुनेने काढलं.

आईला विचारलं की ती म्हणायची, "नाही वं, माझी सून गुणाची आहे." त्यावर बायका एकमेकींकडे पाहत आणि "किती सोसते बिचारी" म्हणत पत्ते पिसत.

आणि ती सून काय करत होती? दर गुरुवारी दुपारी मुली शाळेत गेल्या की बस पकडून महालाजवळच्या, शुक्रवारी नावाच्या तलावावर जायची. आई महालातून चालत यायची. दोघी काठावरच्या बाकावर बसून भाजलेल्या शेंगा खायच्या आणि कधीकधी तिथूनच मॅटिनीला पळायच्या. माझ्या तक्त्यात तलावाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. मला हे कळलं ते योगायोगाने. ऑफिसच्या कामासाठी बसने जाताना खिडकीतून पाहिलं, तर माझी आई आणि माझी बायको एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या. मला उतरायचा धीर झाला नाही. संध्याकाळी बायकोला विचारलं, तर म्हणाली, "तुमच्या नावाने हसत होतो. दुसरं आहे काय तलावावर?"

मग दुसऱ्या वर्षीचा पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी मारबत निघाली, म्हणजे गावावरची पीडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्यांची मिरवणूक. आईच्या गल्लीच्या तोंडावरून मिरवणूक जायची आणि तिच्या गॅलरीतून ती सगळी दिसायची. त्या दिवशी नातेवाईक झाडून तिच्याकडे. मी तक्ता शिथिल केला, बायको आणि मुलीही आल्या. काळी मारबत गेली, पिवळी गेली, आणि मागून गल्लीगल्लीतल्या पोरांचे बडगे येऊ लागले. बडग्या म्हणजे त्या वर्षी लोकांना जे जे छळतं त्याचं बुजगावणं. महागाईचा होता, रॉकेलच्या रांगेचा होता, डासांचाही एक होता. त्यांना गावाबाहेर नेऊन जाळायचं, म्हणजे पीडा गेली.

मग आईच्याच गल्लीचा बडग्या आला. बडग्याला लुगडं नेसवलं होतं. एका हातात लाटणं, दुसऱ्या हाताने एका छोट्या म्हातारीच्या बाहुलीला ढकलत होता. म्हातारीच्या काखेत गादी. मागे पोरं घसा फोडून ओरडत होती, "सासूले हाकलणारी सून घेऊन जा गे मारबत."

गॅलरीतले नातेवाईक बायकोकडे पाहू लागले. बायको कठड्याला धरून खाली वाकली, निरखून पाहिलं, आणि शांतपणे म्हणाली, "तो माझा ब्लाउज आहे."

होता. पोपटी रंगाचा, काळ्या काठाचा. पंधरा दिवसांपूर्वी तिने तो आईच्या हाती समोरच्या बाईकडे उसवायला दिला होता. शिवणवालीने नंतर शपथेवर सांगितलं की पोरांनी टोपलीतून उचलून नेला, तिला पत्ताच नाही. पण बडग्याला तो इतका बेतशीर बसला होता की कोणीतरी मशीन चालवल्याशिवाय ते शक्य नव्हतं.

आई पायात चप्पल न घालता जिना उतरली. गर्दीत शिरून तिने पोरांच्या म्होरक्याचा कान धरला. "काय गा, कोणी काढलं मले? तुले सांगाले आली होती का मी?" पोरगा म्हणाला, "आजी, तुमच्यासाठीच तर केलं." मिरवणूक मागून रेटत होती. आई, म्होरक्या आणि बडग्या असे तिघंही पन्नास पावलं पुढे वाहत गेले. वरून दिसत होतं ते असं की खुद्द सासूच बडग्याबरोबर नाचते आहे. लोकांनी तिच्यावर गुलाल टाकला.

बायको हसली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मीही हसलो. त्या पाण्याबद्दल मी तेव्हा जास्त विचार केला नाही.

दोन वर्षं भरली. आणखी दोन महिने मी सुरक्षितता म्हणून वाढवले. घर विकलं, आणि ज्याने घेतलं तो म्हणाला की बाकी ठीक आहे, पण गुलाबी गॅलरी पाहून त्याच्या बायकोने हेच घर हवं असा हट्ट धरला. आई हे पुढे मरेपर्यंत ऐकवत राहिली.

विवरणपत्र भरलं, सवलत मागितली, आणि चौकशी आली. निरीक्षक आधी गल्लीत जाऊन आला. मग आम्हाला बोलावणं. मी, आई आणि वकीलसाहेब आत गेलो. बायको बाहेर बाकावर डबा घेऊन बसली, कारण आईला साडेबाराला भूक लागायची.

अधिकारी माझ्याच वयाचा. त्याने निरीक्षकाचा कागद वाचला. "माई तिथे राहत होत्या हे गल्लीत सगळे सांगतात. पण मुलगा याच शहरात असताना आई दोन वर्षं एकटी का राहिली? नेमकी विक्रीच्या आधीची दोन वर्षं?"

वकीलसाहेबांनी हातात अडकित्ता नसतानाही सुपारी कातरावी तशी बोटं हलवली. आईने तोंड उघडलं. ती काय बोलणार हे मला माहीत होतं. कर वाचवायले राहिली, असं ती छाती पुढे काढून सांगणार होती.

तेवढ्यात निरीक्षकच म्हणाला, "साहेब, सुनेशी पटत नव्हतं. गल्लीने बडग्या काढला होता." अधिकाऱ्याचा चेहरा उजळला. "तो गादीवाला? मी पाहिला आहे तो. पोपटी ब्लाउज." तो माझ्याकडे वळला. "तो तुमच्या घरचा?"

मी म्हणालो, "हो."

त्याने मान हलवली, मला वाटतं सहानुभूतीने, आणि सही केली.

बाहेर आल्यावर आईने बायकोला सगळं सांगितलं. माझ्यासमोर, एक शब्द न गाळता. बायको डबा उघडत होती. तिने फक्त विचारलं, "स्लॅब पडेल ना मग?"

"पडेल," मी म्हणालो.

"मग जेवून घ्या," ती म्हणाली. आईने त्या दिवशी माझ्या वाट्याची पोळी मला दिली नाही.

निघताना वकीलसाहेब जिन्यात मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "अहो, कशासाठी राहिल्या हे कायदा विचारतच नाही. राहिल्या एवढं बस होतं. माई बोलल्या असत्या तरी काही बिघडलं नसतं." पुढे काही वर्षांनी ती राहण्याची अटच निघाली आणि भाड्याने दिलेल्या घरालाही ती सवलत मिळू लागली, असं ऐकलं. मला तेव्हा हसू आलं होतं.

घर बांधलं. आई आमच्यातच, पूर्वेच्या खोलीत, शेवटपर्यंत. वास्तूला नातेवाईक आले तेव्हा ते घर कमी आणि बायकोला जास्त पाहत होते. आई आजारी पडली तेव्हा बायकोने तिचं सगळं केलं, आणि लोक म्हणाले, शेवटी पश्चात्ताप झाला. मी तेव्हा बोलू शकलो असतो. पण कराची जुनी प्रकरणं पुन्हा उघडतात असं कोणीतरी सांगितलं होतं. ती उघडण्याची मुदत कधीच संपली. माझी गप्प राहण्याची मुदत मात्र मी वाढवत गेलो, त्या दोन महिन्यांसारखी.

गेल्या हिवाळ्यात एका चुलत पुतण्याच्या मुलाचं लग्न झालं. पंगतीत कोणीतरी नव्या नवरीला म्हणालं, "सासूला नीट सांभाळ गं, आमच्या काकूंसारखं नको." सगळे हसले. बायकोही हसली आणि पानातली जिलेबी इकडून तिकडे सरकवली. मी उभा राहिलो आणि तिथेच सगळं सांगायला लागलो. भांडवली नफा, मुख्यतः, तलाव, शेंगा. अर्ध्यातच पुतण्याने मला खाली बसवलं. "काका, या वयातही काकूंची बाजू घेता. मानलं." कोणाचाही विश्वास बसला नाही. इतकी खरी गोष्ट कोणी कशी मान्य करणार?

म्हणून लिहून काढलं. काल दुपारी हे सगळं तिला वाचून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं झोपली.

"त्या दिवशी गॅलरीत तू खरंच हसत होतीस का?" मी विचारलं.

"आधी हसत होते," ती म्हणाली. "तुम्ही हसायला लागलात तेव्हा थांबले."

मी कागद खाली ठेवले. मग तीच म्हणाली, "एक चुकलं आहे. ब्लाउज उसवायला नव्हता दिला. शिवायला दिला होता, नवा. एकदाही घातला नव्हता मी तो. तेवढं दुरुस्त करा, आणि मग सगळ्यांना पाठवा. त्या पुतण्याला आधी."

वर लिहिलं आहे ते मी खोडलेलं नाही, चूक कुठे झाली ते दिसावं म्हणून. दुरुस्ती इथे करतो. ब्लाउज नवा होता. तिने माझ्या आईला कधीही घराबाहेर काढलं नाही. त्या अधिकाऱ्याने मला विचारलं होतं, त्याचं उत्तर "नाही" असं आहे.